समुद्रावरच्या लढाईचं पाठांतर

कडा

थेरपिस्ट: थांबा काकू, त्यांना हात लावू नका. आज मी व्हिडिओ घेतेय.

काकू: मी कुठं हात लावतेय? बाही वर करत होते. बाही चित्रावर घासते, मग लावलेले तुकडे हलतात.

थेरपिस्ट: हलू देत. काका, तुम्ही करा. मी इथं नाहीच असं समजा.

काका: एक वार.

थेरपिस्ट: बघा. लाल झेंडा गेला. सरळ जागेवर. मागच्या महिन्यात हाच तुकडा हातात धरून काका माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी ताटात दगड वाढलाय.

काका: दोन वार.

थेरपिस्ट: आणि ही पेटलेल्या जहाजाची ती उंच काठी, काय म्हणतात तिला?

काकू: डोलकाठी.

थेरपिस्ट: डोलकाठी. तीही गेली. काकू, खरंच सांगते, काटा येतो अंगावर. सोपं चित्र आहे का हे? जुन्या काळातली जहाजांची लढाई, तोफा काय, फाटलेली शिडं काय, आणि सगळीकडे नुसता धूर. धुराचे तुकडे मलासुद्धा डब्यावरचं चित्र बघून लावावे लागतात. काका डब्याकडे बघतही नाहीत.

काकू: त्यांना लढाया आवडतात.

थेरपिस्ट: हो?

काकू: घरात तरी आवडायच्या. अगं, पण बोलणं? चित्र जोडतात ते ठीक आहे. बोलणं कधी येईल?

थेरपिस्ट: येईल ना. एकीकडून सुरुवात झाली की दुसरीकडे पोचते. म्हणून तर इथं आधी चित्र घेतो आणि मग शब्द. चित्राला हात चालला की तोंडही चालायला लागतं कधीकधी.

काका: एक वार.

थेरपिस्ट: हे मात्र अजून तेच आहे.

काकू: जन्मभर लिलाव पुकारले त्यांनी. जुनी कपाटं, घड्याळं, मेलेल्या माणसांच्या आरामखुर्च्या. हा माणूस बोलायला लागला की समोरच्यानं नाक खाजवायचीसुद्धा चोरी, त्याला कपाट विकलं जायचं. अर्धांगाच्या झटक्यात सगळं गेलं बघ. एवढी दोन-तीन वाक्यं राहिली.

थेरपिस्ट: जे पाठ असतं ते राहतं काकू. त्याचा कप्पा वेगळा असतो. आकडे, शिव्या, असं काहीतरी.

काकू: शिवीपण आहे. एकच आहे.

काका: च्यायला.

काकू: हीच.

थेरपिस्ट: आता शेवटचे थोडे राहिले. काका, सावकाश. बुडणारा माणूस गेला. फेस गेला. झालं.

काका: तीन वार.

थेरपिस्ट: टेबलावर कसली थाप मारली. निम्म्या वेळात केलं, काकू, मागच्या खेपेच्या निम्म्या. हा व्हिडिओ मी आजच मोठ्या सरांना दाखवते.

काकू: दाखवायलाच हवा का?

थेरपिस्ट: म्हणजे काय? मागच्या वेळी सरच म्हणाले होते ना, सुधारणा दिसली नाही तर काकांची जागा पुढच्या पेशंटला द्या. तुम्ही तर इथल्या इथं रडायला लागला होता. आता दिसू दे की त्यांना.

काकू: हो. दिसू दे.


धूर

काकू: चहा संपला ना? मग पेपर उचला टेबलावरून. अभ्यास. पाठ ताठ ठेवा.

काका: —

काकू: तोंड वाकडं करू नका. आहे तेवढं वाकडं पुरे आहे.

काका: च्यायला.

काकू: वर्गात कुणी असं बोललं असतं तर मी बाकावर उभं केलं असतं. तुम्ही बाकावर चढाल तेव्हा बघू. हं, हा झेंडा. काल याचं टोक सुटत होतं, परत डिंक लावला. तुमच्या हाताच्या घामानं पुठ्ठा मऊ पडतो. दवाखान्यातले लाकडाचे आहेत, ते जाड लागतील हाताला, पण आकार तोच. एका रेषेचा फरक नाही.

काका: —

काकू: कसा असेल? तुम्ही तिकडे पायाचे व्यायाम करत होता तेव्हा मी एकेक तुकडा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवून घेतली. लादी पुसणाऱ्या मावशी विचारतात, बाई, काय करता? म्हटलं, नक्षी काढते. आणि चित्राचा फोटो मोठा करून आणला, तर दुकानदार म्हणतो, ताई, फ्रेम करून देऊ का, दिवाणखान्यात छान दिसेल. म्हटलं, मला कापायचाय तो. असा बघत राहिला माझ्याकडे. शाळेत मी फळांचे तक्ते कापायचे, प्राण्यांचे कापायचे. लढाई पहिल्यांदाच कापली.

काका: एक वार.

काकू: शाब्बास. आता माझ्याबरोबर मनात म्हणा. लाल झेंडा. झेंड्याखाली तुटकी डोलकाठी. डोलकाठीला चिकटून धूर, धुराला चिकटून धूर, मग तोफेचं तोंड. तोंडाखाली होडी. होडीनंतर टोपीवाला. टोपीवाल्याच्या हाताखाली बुडणारा, बुडणाऱ्याच्या पायाशी फेस. थांबलात का? धूर झाला, आता पुन्हा धूर. दुसरा. मघाशी सांगितलं ना, कानासारखं टोक असलेला.

काका: दोन वार.

काकू: तोच. कान वर. अस्सं.

काका: —

काकू: मला माहितेय तुम्हाला कंटाळा आलाय. मलाही आलाय. डोळे मिटले की बोटी दिसतात. पण त्या दिवशी ते मोठे डॉक्टर तुमच्यासमोरच म्हणाले, सुधारणा नाही, जागा अडवून काय उपयोग. त्यांना वाटलं, तुम्हाला समजत नाही. तुम्हाला समजलं होतं. घरी येऊन जेवला नाहीत.

काका: —

काकू: ती पोर तुमच्याकडून शब्द काढायचा प्रयत्न तरी करते. तोंडापुढे आरसा धरते, ओठ कसे करायचे ते दाखवते. तिच्या खोलीत तुमचे ओठ हलतात, मी बघते ना. इथं काय होतं? इथं मीच एकटी बोलते. पूर्वी म्हणायचे, देवा, या माणसाला जरा गप्प कर. इतकं मनावर घ्यायला नको होतं त्यानं.

काका: एक वार.

काकू: ओठ हलवायला शिकवणं मला येत नाही. मला पाढे शिकवता येतात. तुमची तिथली जागा टिकली पाहिजे, एवढंच मी बघतेय. पुढचं ती बघेल. तोफेचं तोंड घ्या.


होडी

थेरपिस्ट: काका, पुढचा घ्या. काका?

काका: —

थेरपिस्ट: हात नुसता पुढे धरून बसलेत. काकू, खांदा दुखतोय का त्यांचा?

काकू: नाही. होडी कुठाय?

थेरपिस्ट: कुठली होडी?

काकू: होडीचा तुकडा. टेबलावर नाहीये.

थेरपिस्ट: अच्छा, तो. सकाळी लादी पुसताना कुठंतरी गेला. मावशींना सांगितलंय शोधायला. राहू दे त्याची जागा रिकामी. काका, हा घ्या, टोपीवाला माणूस. हा कुठं बसतो?

काका: च्यायला.

थेरपिस्ट: बरं, हा नको. मग फेस? परवा तर डोळे झाकून लावला होतात. घ्या ना. काकू, हे असं का करतायत?

काकू: त्यांना होडी हवीय.

थेरपिस्ट: पण का? होडीशिवाय बाकीचे लागतात की.

काकू: होडीनंतर टोपीवाला येतो.

थेरपिस्ट: येतो म्हणजे? एक मिनिट. मी हा पाट फिरवते. काका, आता चित्र उलटं झालं. आकाश तुमच्याकडे, पाणी माझ्याकडे. झेंडा लावा बघू.

काका: एक वार.

थेरपिस्ट: तिथं पाणी आहे काका. झेंडा आता तुमच्या बाजूला येईल.

काका: एक वार. एक वार.

थेरपिस्ट: तिथं नाही जाणार तो. दाबू नका. काका, पुरे. हात खाली ठेवा. पुरे. काकू, तुम्ही काय केलंत?

काकू: अभ्यास घेतला.

थेरपिस्ट: कसला अभ्यास?

काकू: याचाच. घरी. पुठ्ठ्याचं करून घेतलं मी. रोज सकाळी आणि चहानंतर.

थेरपिस्ट: काकू, हा अभ्यासाचा विषय नाहीये. डोळ्यांनी बघायचं, आकार ताडायचा, हा बसेल की तो बसेल ते ठरवायचं, यासाठी असतं हे. मेंदूनं ते ठरवायला हवं. पाठ केलं तर मेंदू ठरवतच नाही काही. ते त्यांच्या "एक वार, दोन वार"सारखंच झालं.

काकू: मला काय माहीत? शाळेत येत नाही ते घरी करून घ्यायचं, एवढंच मला कळतं. तू म्हणालीस सुधारणा दिसली पाहिजे. दिसली.

थेरपिस्ट: दिसली. फारच दिसली. मी सरांना व्हिडिओ दाखवला.

काकू: मग?

थेरपिस्ट: सर खूश झाले. म्हणाले, इतकं येतंय तर इथं कशाला ठेवता, घरी पाठवा, जागा मोकळी करा. मी आज तुम्हाला आनंदाची बातमी म्हणून सांगणार होते.

काकू: थांब जरा. सुधारणा नाही झाली तर जागा जाणार.

थेरपिस्ट: हो.

काकू: आणि झाली तरी जाणार.

थेरपिस्ट: ही खोली मधल्यांसाठी आहे काकू. थोडं थोडं सुधारतायत त्यांच्यासाठी. बाहेर केवढी माणसं थांबलीत.

काकू: म्हणजे मी त्यांचा पहिला नंबर आणला, तिथं चुकलं. काठावर पास करायला हवं होतं.

थेरपिस्ट: असं म्हणायचं नव्हतं मला.

काकू: मग काय म्हणायचं होतं?

थेरपिस्ट: तेच. पण असं नव्हतं म्हणायचं.

काका: एक वार.

काकू: हो, बसा हो, तुमच्याबद्दलच चाललंय. तू सरांना खरं सांग ना. सांग की बायकोनं घोकून घेतलं.

थेरपिस्ट: सांगितलं तर सर विचारतील, मग खरी सुधारणा किती? मी काय सांगू? पाट फिरवला तर काकांना झेंडा सापडत नाही, हे आत्ता आपण तिघांनी बघितलं.

काकू: दुसरं चित्र दे. ते फुलांचं आहे ना.

थेरपिस्ट: दिलं होतं. सगळे तुकडे एकावर एक रचून ठेवतात आणि माझ्याकडे सरकवतात. विकून टाकल्यासारखे.

काकू: मग होडी सापडलीच नाही तर? अर्ध्यात थांबतील. अर्धं म्हणजे मधलंच झालं की.

थेरपिस्ट: हात पुढे धरून थांबतील काकू. मला कळलं तर सरांना कळणार नाही? घरी पाठवायच्या कागदावर सही करायच्या आधी सर स्वतः एकदा बघतात. या शुक्रवारी. त्या दिवशी काकांचं काही बरोबर आलं, काही चुकलं, असं झालं, तर मी म्हणू शकते, व्हिडिओ चांगल्या दिवसाचा होता, अजून काही महिने द्या, असं.

काकू: चुकलं म्हणजे?

थेरपिस्ट: थोडं. चार-पाच ठिकाणी. मी हे तुम्हाला सांगितलेलं नाही, काकू. माझी नोकरी आहे.

काकू: मी त्यांना चुकायला शिकवू?

थेरपिस्ट: तुम्ही शिक्षिका आहात.

काकू: अगं, म्हणूनच. जन्मभर चुका काढल्या मी. घालायला कुणी सांगितल्या नव्हत्या.


फेस

काकू: नीट ऐका. आज उलटा धडा आहे. झेंडा घेतलात? आता तो इथं ठेवायचा, खाली, पाण्यात.

काका: एक वार.

काकू: वर नाही हो. मुद्दाम चुकायचंय. हात द्या इकडे, मी धरते. हा असा खाली आणायचा. सोडा आता. बोट सोडा.

काका: च्यायला.

काकू: उचलला. परत वर नेऊन ठेवला. अहो, आयुष्यात एकदा तुम्हाला सांगतेय की चुका, आणि आजच तुम्हाला शहाणपण सुचावं? त्या लिलावात आरामखुर्ची विकता विकता तिच्यात झोपलेल्या म्हाताऱ्यासकट विकली होतीत, तेव्हा कुणी शिकवलं होतं? ज्यानं घेतली तो म्हणाला, म्हातारा परत घ्या. लोक किती दिवस हसत होते.

काका: दोन वार.

काकू: डोलकाठीपण बरोबर. बरं, मी मधेच गोंधळ करते. हा धूर मी घेतला. आता तोफ. तोफ लावा.

काका: —

काकू: धूर मागताय. नाही देणार. तोफ लावा. नाही? मग नुसते हात पुढे करून बसाल. नाही, तसं नको, तसं ओळखतात ते. घ्या तुमचा धूर.

काका: एक वार.

काकू: चौथीत एक मुलगी होती माझ्या. सात आठे तिला यायचंच नाही. कधी चौपन्न म्हणायची, कधी अठ्ठावन्न. मी तिला रोज उभं करायचे. झोपेत म्हणायची म्हणे मग. परवा रस्त्यात भेटली, केस पांढरे झालेत. म्हणते, बाई, बाकी सगळं विसरले, पण ते अजून येतं. मला किती बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. आता वाटतं, विसरतं कसं ते मी कुणालाच शिकवलं नाही.

काका: दोन वार.

काकू: चूक. नाही ते. उचला.

काका: —

काकू: उचला म्हणते ना. चूक आहे ते. हेही चूक. हात मागं घ्या. प्रत्येक वेळी आपलं तेच, तेच. सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला? पुसून टाका डोक्यातून. काही नाही आलेलं तुम्हाला. शून्य.

काका: —

काकू: काय झालं?

काका: —

काकू: अहो. रडताय का? इकडे बघा. माझ्याकडे बघा. बरोबर होतं ते. अगदी बरोबर होतं, तोफेचं तोंड तिथंच असतं. मीच खोटं रागावले. तुम्ही नाही चुकलात. नाक पुसा. थांबा, मी पुसते.

काका: एक वार.

काकू: हो. लावा. लावा तुमची होडी. शाब्बास. आता टोपीवाला.


काच

(काचेचं दार. आत काका आणि मोठे सर. बाहेर दोघी.)

थेरपिस्ट: हळू बोला काकू, आत ऐकू जातं. सर म्हणाले, दोघीही बाहेर थांबा, तुमची मदत होते.

काकू: होडी सापडली?

थेरपिस्ट: काल. बादलीच्या बुडाला चिकटली होती. जरा फुगलीय, पण बसते. घरी जमलं का काही?

काकू: नाही.

थेरपिस्ट: अजिबात?

काकू: रडले. मग मी नाही केलं पुढे.

थेरपिस्ट: असू दे. कधीकधी नवीन माणूस समोर असला की आपोआप गडबडतात. झेंडा घेतला हातात.

काकू: दिसतंय मला.

थेरपिस्ट: लावत नाहीयेत. बघा, थांबलेत. सरांकडे बघतायत.

काकू: नुसतं बघतायत?

थेरपिस्ट: खाली ठेवला. काकू, झेंडा खाली ठेवला. दुसरा घेतला, धुराचा.

काकू: धूर आधी नसतो.

थेरपिस्ट: शू. धूर लावतायत. लावला. पाण्यात लावला. बसत नाहीये, तरी सोडला तसाच. काकू, चुकले.

काकू: माझ्या रागावण्यानं झालं का हे?

थेरपिस्ट: कशानं का होईना. सरांनी मान डोलावली. आता टोपीवाला घेतलाय, आकाशात नेतायत. अशाच दोन-तीन चुका. एवढंच पुरे आपल्याला. काका इकडे बघतायत.

काकू: मला बघतायत.

थेरपिस्ट: हसा त्यांच्याकडे. नुसतं हसा. काकू. काकू, मान.

काकू: काय?

थेरपिस्ट: मान हलवू नका. नाही, नाही करताय तुम्ही.

काकू: मी कुठं हलवली?

थेरपिस्ट: अजून हलतेय.

काकू: टोपीवाला आकाशात होता गं.

थेरपिस्ट: मागं व्हा. इकडे या, भिंतीकडे.

काकू: काय करतायत?

थेरपिस्ट: टोपीवाला खाली ठेवला. धूर उचलला पाण्यातला. झेंडा घेतला.

काकू: वर?

थेरपिस्ट: वर. डोलकाठी. धूर. दुसरा धूर.

काकू: कान वर करून?

थेरपिस्ट: हो. तोफ. होडी, ती फुगलेलीसुद्धा अंगठ्यानं दाबून बसवली. थांबतच नाहीयेत आता.

काकू: मी आत जाऊ का? सांगते सरांना, मी मान हलवली म्हणून. मघाचं खरं आहे, हे नाही.

थेरपिस्ट: काय सांगणार? की ते चुकत होते आणि तुम्ही सुधारलंत? फेस. झालं.

काका: तीन वार.

थेरपिस्ट: सर टाळ्या वाजवतायत.


बाहेर

थेरपिस्ट: सर म्हणाले, सुरुवातीला जरा बावरले, पण मग स्वतःची चूक स्वतः ओळखून दुरुस्त केली. म्हणाले, हे सगळ्यात अवघड असतं. नवीन मुलांना शिकवताना हे उदाहरण सांगणार आहेत.

काकू: सांगू देत.

थेरपिस्ट: मी बोलून बघितलं, काकू. म्हटलं, शब्द अजून आलेले नाहीत. सर म्हणाले, शब्द घरच्यांमध्ये येतात.

काकू: घरी मी आहे फक्त.

थेरपिस्ट: तुम्ही फोन करत जा मला. काकांना द्या फोन, मी बोलेन.

काकू: ते काय बोलतील फोनवर? तुला एखादं कपाट विकतील.

थेरपिस्ट: विकू देत.

काकू: तू जा आत. मघाशी लिफ्टमधून चाकाच्या खुर्चीवरून ज्यांना आणलं, ते तुझेच नवे पेशंट ना? त्यांची बायको केव्हाची दारात उभी आहे. बिचारीला बसायला सांग आधी.

थेरपिस्ट: हो. जाते. काका, येते मी.

काका: एक वार.

काकू: दार लावून घे, वारं येतंय त्यांच्यावर. चला. मफलर इकडे करा, सुटलाय. लिफ्ट आत्ताच वर गेली, येईल खाली. भिंतीला टेका.

काका: —

काकू: तुम्ही छान चुकत होता हो. मीच ती. मला कळलंसुद्धा नाही मान कधी हलली ते. अजून हलेल बघा, कुणी माझ्यासमोर चुकलं की. चितेवरसुद्धा हलेल.

काका: जिना.

काकू: बटण दाबलंय मी, येतेय. काय म्हणालात?

काका: —

काकू: अहो, आत्ता काहीतरी म्हणालात.

काका: जिना.

काकू: जिना. जिना म्हणालात. हे तर आपण केलंच नव्हतं. हे मी नाही शिकवलं. थांबा, इथंच थांबा, टेकून. अगं, ऐकतेस का? जरा दार उघड. काका आत्ता बोलले.

थेरपिस्ट: काकू, आत नवीन पेशंट आहेत, सरपण आहेत. जरा वेळानं बोलू? फोन करा ना मला.

काकू: अगं, पण आत्ता. बरं. हो. करते फोन.

काका: जिना.

काकू: ऐकलं मी. लिफ्ट नकोय तुम्हाला, जिन्यानं जायचंय. पण जमणार आहे का हो? तीन मजले आहेत. पाय बघा तुमचा.

काका: जिना.

काकू: बरं. कठडा धरा. त्या हातानं नाही, चांगल्या हातानं. मी या बाजूला आहे. आधी हा पाय. टेकवा पूर्ण. मग दुसरा. आली वाटतं लिफ्ट. येऊ दे. तुम्ही पायरीकडे बघा.